फायबरवाल्याला तुमच्या घरातलं काय दिसतं, आणि माहिती विकली जाते ती कुठून

खानापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींनी मला लांबलचक पत्र लिहिलंय. त्याचा गाभा असा. घरी सहा-सात महिन्यांपूर्वी फायबरचं कनेक्शन घेतलं. बाईंची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, साखर वाढली म्हणून गुरुजींनी दोन-तीन रात्री मोबाइलवर मधुमेहाबद्दल बरंच वाचलं. लगेच साखर उतरवणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती दिसायला लागल्या, आणि आठवड्याभरात बेळगावच्या एका दवाखान्यातून बाईंचं नाव घेऊन फोन आला. त्यांचा भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, आमच्याकडे 2017 साली सरकारनंच इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांची माहिती विकायला मोकळीक दिली, तुमच्याकडंही तेच चालत असणार. गुरुजी विचारतात: आमच्या फायबरवाल्यानं आमचं घर विकलं का? तो विकू शकतो का? आणि विकलंच, तर कुठं जायचं?

गुरुजी, मी बावीस वर्षं बेळगावात हेच काम करतोय. टिळकवाडीत सायबर कॅफे काढला, मग केबलवरून नेट दिलं, आता फायबर ओढतो आणि त्यामागची यंत्रणा सांभाळतो. त्यामुळं पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. जाहिराती बहुधा फायबरवाल्यामुळं आलेल्या नाहीत. आणि तो फोन तर त्याच्यामुळं आलाय असं मला अजिबात वाटत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुमचं समाधान करणारं नाही, म्हणून तिथं जरा सविस्तर लिहितो.

बेळगावहून खानापूरला जाणाऱ्या लाल बसचा कंडक्टर डोळ्यांसमोर आणा. तुम्ही कुठं चढलात, कुठं उतरलात, किती वाजता, हातात पिशवी होती की पोतं, एवढं त्याला कळतं. उतरून कुणाच्या घरी गेलात आणि काय बोललात, ते त्याला कळत नाही. फायबरवाल्याचं तसंच आहे. आज बहुतेक साइट एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे तुमचा मोबाइल आणि ती साइट यांच्यातलं बोलणं कुलुपात असतं. तुम्ही कोणतं पान वाचलं, शोधायच्या चौकटीत काय लिहिलं, हे आमच्या यंत्रात दिसत नाही. साइटचं नाव मात्र दिसतं. कारण मोबाइलला आधी त्या नावाचा आकडी पत्ता विचारावा लागतो, आणि तो सहसा आमच्याच सर्व्हरला विचारला जातो. याला डीएनएस म्हणतात. शिवाय जोडणी सुरू होताना पहिल्याच निरोपात ते नाव बहुतेक वेळा उघडं असतं. म्हणजे कोणती साइट, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा, एवढं आम्हाला कळू शकतं.

एवढंच ना, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणायचो.

2014 सालची गोष्ट. वडगावातल्या आमच्या खोलीत रॅकसमोर बसून मी एका ग्राहकाचं नेट कुठं अडकतंय ते शोधत होतो. त्यासाठी डीएनएसची नोंद स्क्रीनवर उघडली. एका ओळीत तीनच गोष्टी: वेळ, ग्राहकाचा आकडा आणि त्यानं विचारलेल्या साइटचं नाव. रात्री 11:52 ला एका बँकेची साइट. 11:58 ला सोनंतारण कर्ज देणारी एक कंपनी. 12:07 ला तसलीच दुसरी. 12:20 ला नोकऱ्यांची साइट. 12:41 ला पुन्हा ती पहिली सोनंतारणवाली. 1:15 ला परत तीच. मी एकही पान उघडलं नव्हतं, एक अक्षर वाचलं नव्हतं. तरी त्या घरात त्या रात्री काय चाललंय ते मला समजलं. माणूस ओळखीचा होता. चार दिवसांनी गणपत गल्लीत भेटला, हसून बोलला, आणि मला त्याच्या तोंडाकडं बघवेना. त्याच्या घरातली गोष्ट त्यानं मला सांगितली नव्हती, मी ती न विचारता घेतली होती. त्याच महिन्यात आम्ही ठरवलं: परवान्याच्या अटींप्रमाणं जेवढी नोंद ठेवावी लागते तेवढीच ठेवायची. कोण कोणत्या साइटवर गेलं ही नोंद दुरुस्तीपुरती उघडायची आणि दोन दिवसांत पुसायची.

पुढं दोनेक वर्षांनी एक गृहस्थ आले. जाहिरातींचं काम करणाऱ्या एका एजन्सीचे. नीटनेटके, मराठी छान बोलणारे. त्यांना हीच नोंद हवी होती, ग्राहकामागं महिन्याला ठरलेल्या पैशांत. म्हणाले, "नाव नको, पत्ता नको, नुसते आकडे द्या. नाव काढलं की ती माहिती कुणाचीच राहत नाही." त्या रात्रीच्या माझ्या ओळींतही नाव नव्हतं, नुसता आकडाच होता. मी नको म्हणालो आणि ते चहा पिऊन गेले. पण नंतर कितीतरी दिवस मला एकच गोष्ट सलत राहिली. मी नको म्हणालो ते माझ्या मनाला पटलं नाही म्हणून. गावातल्या शेकडो घरांचं खाजगीपण एका नेटवाल्याला त्या दिवशी काय वाटलं यावर टांगलेलं असावं, हे बरोबर नाही. ग्राहकाची गुप्तता सांभाळायची अट परवान्यात होती. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांत संवेदनशील माहितीची जी यादी आहे, तिच्यात पासवर्ड, बँकेचा तपशील, आरोग्य, बोटांचे ठसे वगैरे येतात. माणूस कोणकोणत्या साइटवर जातो, हे त्या यादीत नाही.

आता भाच्याचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे आणि उरलेलं अर्धं समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे एफसीसी, नावाची नियामक संस्था आहे. तिनं ऑक्टोबर 2016 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी नियम केला की ब्रॉडबँड कंपनीला ग्राहकाचा ब्राउझिंगचा इतिहास, ॲपचा वापर, ठिकाण अशी माहिती वापरायची किंवा दुसऱ्याला द्यायची असेल, तर आधी ग्राहकाचा स्पष्ट होकार घ्यावा लागेल. ग्राहक गप्प राहिला तर तो होकार धरायचा नाही. या नियमाची मुख्य कलमं लागू व्हायच्या आतच काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, तो रद्द केला. सिनेटमध्ये 50 विरुद्ध 48, प्रतिनिधिगृहात 215 विरुद्ध 205, आणि 3 एप्रिल 2017 ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची सही. म्हणजे विकायची नवी परवानगी कुणी दिली नाही, येऊ घातलेली बंदी काढून टाकली. पण ज्या कायद्याचा आधार घेऊन ती काढली, त्यात अशी तरतूद आहे की साधारण तसाच नियम त्या संस्थेला पुन्हा करता येत नाही, काँग्रेसनं नवा कायदा केला तरच. दार नुसतं लोटलं नाही, त्याला आतून खीळ घातली.

कंपन्यांचा युक्तिवाद असा होता की गूगल, फेसबुक याहून कितीतरी जास्त जाणतात आणि त्यांच्यावर असं बंधन नाही, मग आमच्यावरच का? यात तथ्य आहे. तरी मला तो पटत नाही. गूगल नको असेल तर दुसरं काही वापरता येतं. घरात येणारी वायर माणूस रोज उठून बदलू शकत नाही, आणि खानापूरच्या आतल्या गावात तर दुसरी वायर येतच नाही. शिवाय वायरचे पैसे तुम्ही दर महिन्याला रोख मोजता. पैसे घेऊन वर माहितीही घ्यायची, हे कुठल्या हिशोबात बसतं?

पुढं काय झालं तेही भाच्याला विचारा. मेन नावाच्या राज्यानं 2019 मध्ये आपल्यापुरता कायदा करून होकाराची अट परत आणली. 2021 मध्ये त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशननं सहा मोठ्या कंपन्यांचा अभ्यास करून सांगितलं की या कंपन्या ग्राहकांना वाटतं त्याहून खूप जास्त माहिती गोळा करतात आणि आपल्या वेगवेगळ्या सेवांमधली माहिती एकत्र मिसळतात. आणि एप्रिल 2024 मध्ये एफसीसीनं चार मोठ्या मोबाइल कंपन्यांना ग्राहकांचं ठिकाण होकाराशिवाय दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिल्याबद्दल मिळून जवळजवळ 20 कोटी डॉलरचा दंड ठोठावला. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या, तो भाग वेगळा.

त्याच 2017 साली आपल्याकडं उलट घडलं. 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो खटला ज्यांच्या नावानं ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी आपल्याच कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. आधारविरुद्ध त्यांनी 2012 मध्ये अर्ज केला तेव्हा वयाची ऐंशी उलटली होती. त्या निकालाच्या रेट्यानं, बऱ्याच उशिरानं, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. राष्ट्रपतींची सही 11 ऑगस्ट 2023 ची. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. म्हणजे मे 2027 चा सुमार. तोवर 2000 सालचा माहिती तंत्रज्ञान कायदा आणि 2011 चे ते नियम यांवरच भागवायचं आहे.

या नव्या कायद्यात 'विक्री' असा वेगळा शब्द नाही. त्याची मांडणी होकाराभोवती आहे, आणि पुढं सांगतो ते हक्क त्या मुदतीनंतरच पुरते लागू होतील. सरकारी लाभ, अपघात-आजारपणातली तातडी अशी कायद्यानं मोजून दिलेली काही कामं सोडली, तर तुमची माहिती होकाराशिवाय वापरता येत नाही. होकार कसा हवा? दबावाशिवाय, ठराविक कामापुरता, समजून-उमजून दिलेला. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट हा होकार नव्हे. आणि होकार दिला तरी तो त्या कामाला लागते तेवढ्याच माहितीपुरता. कायद्यात यासाठी छान उदाहरण घातलंय: फोनवरून डॉक्टरचा सल्ला देणाऱ्या ॲपनं तुमच्या फोनमधली सगळ्यांची नंबरांची यादी मागितली आणि तुम्ही हो म्हणालात, तरी तो होकार सल्ल्यापुरताच धरायचा, कारण सल्ल्याला ती यादी लागत नाही. पाच हजारांचं कर्ज देतो म्हणून अख्खी यादी उचलणाऱ्या आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करणाऱ्या ॲपांनी आपल्याकडं किती घरं रडवली आहेत ते तुम्हाला माहीत आहे. हे उदाहरण त्यांना नेमकं लागू पडतं.

गुरुजी, मला खरं म्हणजे ज्याबद्दल लिहायचं आहे ते आता.

तुमच्या घरी फायबर आलं त्या दिवशी आमच्यासारखाच एखादा पोरगा शिडी घेऊन आला असेल. भिंतीला भोक पाडलं, पांढरी डबी बसवली, दिवा हिरवा झाला, आणि मग पिशवीतून एक कागद काढून म्हणाला असेल, "गुरुजी, हितं एक, हितं एक, आणि मागं एक सही." तो कागद म्हणजे सीएएफ, ग्राहकाचा अर्ज. मागच्या पानावर बारीक अक्षरात इंग्रजी अटी. आता तर बऱ्याच ठिकाणी कागदही नसतो, त्या पोराच्या मोबाइलवर तुमचा ओटीपी घालायचा आणि झालं. मी स्वतः अशा हजारो सह्या घेतल्या आहेत. त्यातल्या किती लोकांनी मागचं पान वाचलं? मला एकही आठवत नाही. माझ्या माणसांनीही ते कधी वाचून दाखवलं नाही. ही आमची चूक होती आणि ती वर्षानुवर्षं चालली.

आपल्या भागात ही गोष्ट जास्त बोचते. माझ्या बहिणीच्या सासूबाई येळ्ळूरच्या. मराठी शाळेत सातवी झालेल्या, पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणाऱ्या. पण सरकारी केंद्रावरचा अर्ज कन्नडमध्ये, बँकेचा इंग्रजीत, मोबाइलवरच्या अटी इंग्रजीत. वाचता येणाऱ्या बाईला दिवसभर अंगठेबहाद्दर करून ठेवलंय. 2023 मध्ये कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेच्या दोन हजारांसाठी ग्राम वन या सरकारी सेवा केंद्रावर रांगा लागल्या तेव्हा त्यांनी आधार, रेशन कार्ड, पासबुक, नंबर असं सगळं काउंटरवर दिलं आणि जिथं बोट दाखवलं तिथं सही केली. ती योजना सरकारची होती, पैसे मिळाले, तक्रार नाही. पण तीच सवय पुढं सगळीकडं लागते. बोट दाखवलं की सही.

या नव्या कायद्याच्या पाचव्या आणि सहाव्या कलमात एक ओळ आहे, जी मी लॅमिनेट करून आमच्या ऑफिसात लावलीय. माहिती घेताना जी सूचना द्यायची आणि होकार मागताना जे लिहायचं, ते ग्राहकाला इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा आहे. आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. मराठी त्यात आहे, कन्नड आहे, शहापूरच्या विणकर गल्लीत कुणाची मातृभाषा तेलुगू असेल तर तीही आहे. यात राज्य कोणतं, जिल्ह्यात कोणत्या भाषेचे किती टक्के लोक, असलं काही विचारलेलं नाही. बेळगाव, निपाणी, भालकी, कारवार, कुठंही बसून तुम्ही मराठीत मागू शकता, आणि शेजारचा कन्नडमध्ये मागू शकतो. यात कुणाचं काही हिरावलं जात नाही. आपल्याकडं भाषेवरून इतकं काही झालंय की 'मराठीत द्या' म्हणताना माणूस आधी इकडंतिकडं बघतो. इथं बघायचं कारण नाही. समोरच्याला काय विकलं जातंय ते त्याला कळलं पाहिजे, एवढीच ही मागणी आहे.

आणि जुनी सही झाली म्हणून वेळ गेली असंही नाही. कायदा लागू होण्याआधी घेतलेल्या होकारांबद्दलही कंपनीनं शक्य तितक्या लवकर तशीच सूचना द्यायची आहे: कोणती माहिती आमच्याकडं आहे, कशासाठी वापरतो, होकार मागं कसा घ्यायचा. तो मागं घेणं, देण्याइतकंच सोपं असायला हवं. एका ओटीपीत दिलेला होकार काढायला तीन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या तर तो कायद्याचा भंग. शिवाय तुमची माहिती आणखी कोणाकोणाला दिली, त्यांची नावं मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आता त्या फोनकडं येतो. साइट बघितल्यानं तुमचा नंबर आणि बाईंचं नाव दवाखान्याला आपोआप कळत नाही. ते कुठंतरी लिहून दिलेलं असतं. तुमच्याच पत्राच्या दुसऱ्या पानावर, वेगळ्याच संदर्भात, तुम्ही लिहिलंय की गावातल्या देवळात साखर तपासायचं मोफत शिबिर झालं आणि तिथंच बाईंची साखर कळली. तिथं टेबलावर एक वही असेल. नाव, वय, मोबाइल, साखरेचा आकडा, असे चार रकाने. माझा कयास असा की फोन त्या वहीतून आला. बोटाला सुई टोचताना कुणी विचारलं नसेल की हा नंबर पुढं कुणाला देऊ का. कागदावरच्या वहीला नवा कायदा लागू नाही, पण ती वही कुणी बसून एक्सेलमध्ये भरली की त्या क्षणी ती त्याच्या कक्षेत येते. बाजारात विकलं जातं ते अशा एक्सेलमधून. साडीच्या सेलमध्ये लकी ड्रॉचं कुपन, त्यावर लग्नाचा वाढदिवस आणि मासिक उत्पन्न. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंटसाठी व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधार, जे त्या दुकानातल्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडच्या फोल्डरात तसंच पडून राहतं. मी एकदा खडेबाजारात प्रिंट काढायला गेलो तर माझ्या फाइलच्या वर-खाली किमान शंभर जणांची आधार कार्डं नावानिशी दिसत होती. दुकानदाराच्या मनात काही वाईट नव्हतं. पुसायचं असतं हेच त्याला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वेळी शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार काढून न्या, आधारच्या यूआयडीएआय या संस्थेच्या साइटवर मिळतं, आणि प्रिंट झाल्यावर समोर उभं राहून फाइल पुसायला लावा.

जाहिरातींचं कारण आणखी साधं. तुम्ही शोधलंत ते गूगलला सांगूनच शोधलंत. नंतर ज्या औषधांच्या साइटवर गेलात त्यांत जाहिरात कंपन्यांचे लहान तुकडे बसवलेले असतात. ते तुमच्या मोबाइलच्या जाहिरात-क्रमांकाशी किंवा ब्राउझरमध्ये ठेवलेल्या कुकी नावाच्या छोट्या खुणेशी जोडून नोंद करतात: या माणसाला साखरेत रस आहे. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये गूगल, त्यात जाहिराती, तिथं हा क्रमांक काढून टाकायची सोय आहे. दोन मिनिटांचं काम.

फायबरवाल्याला दिसणारी नावं कमी करायची असतील तर सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं. तिथं बाहेरच्या एखाद्या चांगल्या डीएनएसचं नाव घातलं की नावं विचारायचं काम कुलुपात जातं. पूर्ण दिसेनासं होत नाही, पण माझ्या त्या 2014 च्या रात्रीसारखी ओळीनं यादी तयार होत नाही. हे मी स्वतः नेटवाला असून सांगतोय, आणि आमच्या ग्राहकांनाही सांगतो. नातवानं फुकटचं व्हीपीएन, म्हणजे सगळं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवणारं ॲप, घातलं असेल तर ते मात्र काढून टाका. फुकट व्हीपीएन म्हणजे ओळखीचा कंडक्टर सोडून अनोळखी माणसाच्या गाडीत बसणं, आणि तो आधीपेक्षा जास्त बघतो. नातू अठराच्या आतला असेल तर नव्या कायद्यात त्याच्यासाठी पालकांचा पडताळलेला होकार लागतो आणि त्याच्यावर नजर ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. हे पाळलं कसं जाणार ते बघायचं आहे.

कायद्यातली खोटही सांगितली पाहिजे. दंड मोठे आहेत, माहिती सुरक्षित न ठेवल्याबद्दल 250 कोटी रुपयांपर्यंत. पण तो पैसा सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई मागायची सोय जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 43-अ कलमात आहे, ती नव्या कायद्याची मुख्य बंधनं लागू झाली की जाणार. माझ्या मते ही या कायद्यातली सगळ्यात मोठी चूक आहे. बाईंचा आजार गावभर झाला तर या कायद्याखालचं डेटा संरक्षण बोर्ड कंपनीला दंड करील, बाईंच्या हातात काही येणार नाही. सरकारी यंत्रणांना दिलेल्या सवलतीही फार सैल आहेत. आणि तुम्ही स्वतःहून फेसबुकवर सगळ्यांसाठी उघडं टाकलेलं या कायद्याच्या बाहेर आहे, तेवढं लक्षात ठेवा.

तरी आज करण्यासारखं आहे. दवाखान्याच्या किंवा कर्जाच्या नको असलेल्या फोनची तक्रार 1909 वर करता येते, फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत करा. फसवणूक झाली, पैसे गेले, तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि फायबर कंपनीला एक अर्ज द्या. 2011 च्या नियमांप्रमाणं कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो आणि त्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. तक्रारीला त्यानं महिन्याभरात उत्तर द्यायचं असतं. अर्ज मराठीतच लिहा. असा लिहिला तरी चालेल:

"महोदय, मी आपला ग्राहक असून माझा ग्राहक क्रमांक अमुक आहे. कनेक्शन घेताना मी सही केलेल्या अटींची प्रत मला मराठीत मिळावी. माझ्या इंटरनेट वापराची कोणती नोंद आपण ठेवता, किती दिवस ठेवता आणि कायद्यानं मागणाऱ्या यंत्रणा सोडून आणखी कोणाला देता, ते लेखी कळवावं. सेवेला आवश्यक नसलेल्या कोणत्याही वापरासाठी आणि जाहिरातींसाठी माझा होकार नाही. पूर्वी दिला गेला असल्यास तो मी मागं घेत आहे."

दोन प्रती काढा, एकीवर पोच घ्या. शिक्का नसेल तर तारीख घालून सही घ्या. ईमेलनं पाठवलात तर उत्तर येईपर्यंत पुसू नका. काउंटरवरचा पोरगा म्हणेल, "असलं काय कुणी मागत नाही की ओ गुरुजी." त्याच्यावर रागवू नका, खरंच कुणी मागितलेलं नसतं. त्याला सांगा, वरती पाठव, आणि खुर्ची घेऊन बसा.

शिबिरवाल्यांकडंही जा. वही कुणाकडं आहे, तिचं पुढं काय केलं, एवढं विचारा. देवळाच्या पंचांना बरोबर घेतलंत तर उत्तर लवकर मिळेल, आणि पुढच्या शिबिराच्या वेळी टेबलावर मोबाइलचा रकाना ठेवायचा की नाही हे पंच आधी विचारतील.

फायबर कंपनीकडून जे उत्तर येईल ते मला कळवा, कोणत्या भाषेत आलं तेही. आमच्या स्वतःच्या अर्जाचं मागचं पान आम्ही मराठी आणि कन्नडमध्ये करून घेतलंय. अजून मोठ्या अक्षरात छापायचं राहिलंय, गणपतीच्या आधी ते करतोय.